एकही खिळा नसलेला बाक

सोमवार, ४ तारीख

ताई,

बाक मी मोडला.

पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहिलं असतं आणि पत्र पेटीत टाकताना धीर सुटला असता. मोडला म्हणजे कुऱ्हाड घेऊन नाही. डोकं चालवून मोडला. तू म्हणायचीस ना, माकडा, तुझं डोकं चालतं पण वाकडं चालतं. तसं.

कुठला बाक ते तुला कसं माहीत असणार. तीन वर्षांत तू बाबांना एक ओळ लिहिली नाहीस, आणि माझ्या पाच पत्रांना मिळून एकच उत्तर दिलंस, "अक्षर सुधार." तर ऐक. बाबांनी चर्चसाठी सहा माणसांचा बाक केला. कुणासाठी? सरसवाल्यांसाठी. कालव्यापलीकडे खुरं आणि हाडं उकळून सरस करतात, ते. अजून तिथेच आहेत, वासही तिथेच आहे. वारा फिरला की आपला अख्खा रस्ता खिडक्या लावून घेतो. आणि त्याच रस्त्यावरच्या घराघरातली खुर्ची त्यांच्या सरसाने चिकटवलेली आहे, पण त्या खुर्चीवर बसायला त्यांना कुणी बोलावत नाही. हे वाक्य माझं नाही, बाबांचं. रोज ऐकतो, पाठ झालंय.

सात वर्षं झाली, उपासना संपली की बाबा कालवा ओलांडतात, तिथे जमिनीवर बसतात आणि त्यांच्या भाषेत प्रभूच्या गोष्टी सांगतात. बाबांची ती भाषा ऐकून तिथली पोरं पोट धरून हसतात. मग बाबाही हसतात. घरात कधी असे हसलेत? "येशू सुताराच्या घरातला," असं सांगतात त्यांना, "त्याच्या हातालाही हाच वास असणार." आता ते लोक चर्चला येतात, पण आत नाही. खिडकीखालच्या पायरीवर बसून ऐकतात. म्हणून हा बाक. तिसऱ्या रांगेत, सगळ्यांच्या मधोमध. आणि त्यात एकही खिळा नाही. बाबांचा हट्ट. "सगळा बाक त्यांच्या सरसावर उभा राहील आणि मंडळी बघतील."

मंडळींनी बघितलं.

आता चिकट्याचं सांगतो. सरसवाल्यांचा पोरगा आहे, माझ्याच वयाचा, वर्षभर बाबांच्या हाताखाली काम शिकतोय. चिकट्या हे नाव मी ठेवलं. बाबा त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतात. परवा मलाही त्याच नावाने हाक मारली. दोनदा. दुसऱ्या वेळी मी ओ दिली, आणि बाबांच्या लक्षातही आलं नाही!

मी फळी वाकडी कापली की "डोळे कुठे होते?" त्याने कापली की "हरकत नाही, लाकूडच तसं होतं." लाकूड तेच, ताई. एकाच झाडाचं.

आणि आजोबांचा रंधा. तुला आठवतो ना, काळा पडलेला, ज्याच्या लाकडात अंगठ्याचा खळगा पडलाय? तो मला मिळणार असं आई सांगायची. आजोबा डावखुरे होते, खळगा डाव्या अंगठ्याचा आहे. माझा अंगठा त्यात बसत नाही. चिकट्या डावखुरा आहे. बाबांनी एक दिवस रंधा त्याच्या हातात दिला आणि त्याचा अंगठा असा बसला जसा त्याच्यासाठीच कुणी कोरून ठेवला होता. बाबा मला म्हणाले, "बघ, बघ कसा बसला!" मी बघितला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर बाकाचा सरस चिकट्याने स्वतः केला होता. एकट्याने केलेली त्याची पहिली खेप. शुक्रवारी दुपारी ते दोघं बाकाची पाठ आणायला गेले आणि मला सांगून गेले, "सरसाकडे लक्ष ठेव." सरसाचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतात, सरळ आगीवर कधीच नाही, हे तुलाही माहीत आहे. उकळला की त्याचा जीव जातो. दिसतो तसाच, लागतो तसाच, पण धरत नाही. मी लक्ष ठेवलं. भांडं पाण्यातून काढून सरळ आगीवर ठेवलं आणि तासभर नीट लक्ष ठेवलं. मग परत पाण्यात. बाबांच्या नाकाला भुश्यामुळे बारा महिने सर्दी, त्यांना काय कळणार? आल्या आल्या त्यांनी सांधे चिकटवले. चिकट्या तेव्हा बाहेर पाठ घासत होता.

एरवी बाबा नव्या खुर्चीवर आधी स्वतः बसून बघतात. यावर कुणालाच बसू दिलं नाही. सरसवाल्यांची रीत आहे, नव्या वस्तूवर पहिल्यांदा घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बसतं. मला वाटलं होतं बाबा बसतील, बाक शुक्रवारीच मोडेल, चिकट्याला दोन शब्द ऐकायला मिळतील आणि विषय संपेल. पण नाही. "पहिली म्हातारी बसणार." म्हातारी म्हणजे चिकट्याची आजी.

काल रविवारी ते सहा जण पहिल्यांदा आत आले. म्हातारी बसली, मग बाकीचे बसले. पहिल्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला बाक खाली. कुणाला लागलं नाही. सगळे हसले. पहिला मी. घंटावाले काका, ज्यांना वाटतं की घंटा वाजवतात म्हणजे चर्चही तेच चालवतात, ते उभे राहून म्हणाले, "बघा, देवालाच मान्य नाही."

आज चिकट्या कामावर आला नाही. कारखान्यात बाबा आणि मी दोघंच होतो. मला हेच तर हवं होतं.

बाबा दिवसभर दाराकडे बघत होते.

तुझा,
माकड


गुरुवार, १४ तारीख

ताई,

तुझं पत्र मिळालं. इतक्या लवकर! भुश्याच्या ढिगावर बसून वाचलं. "बरं केलंस. मी असते तर दोन मोडले असते. आई गेली त्या दुपारी बाबा कालव्यापलीकडे बसले होते, त्यांना कळू दे, लोक हसले की कसं वाटतं."

तीन वर्षांनी कुणीतरी माझ्या बाजूने बोललं. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण पत्र दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं आणि भुश्यात पुरून टाकलं. कारण तू ज्या गोष्टीला शाबासकी दिलीस ती तशी घडलीच नाही. मी पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली आणि एक लपवली.

एक. लागलं. म्हातारीचं मनगट मोडलं. तिचा हात खाली आला आणि त्यावर बाकीच्यांचा भार आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी हसायचा थांबलो असतो, असं मी स्वतःला सांगतो.

दोन. चिकट्याला माहीत आहे. बाक पडला तेव्हा तो उठला, मोडलेला एक पाय उचलला आणि सांधा नाकाला लावला. या लोकांना सरस वासावरून कळतो, जसं तुला दूध नासलेलं कळतं. त्याने वास घेतला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसत होतो. तेवढ्यात घंटावाले काकांनी विचारलं, "सरस कुणाचा होता?"

"माझा," चिकट्या म्हणाला.

बस. एवढंच. आणि आजीला पाठुंगळीला घेऊन निघून गेला. बाकीचे त्याच्या मागे. पायरीवरसुद्धा कुणी थांबलं नाही.

बाबा दोनदा जाऊन आले तरी तो कामावर येईना, म्हणून मंगळवारी त्यांनी मला कालव्यापलीकडे पाठवलं, म्हणाले, तुझ्याशी तरी बोलेल. खरं सांगतो, मी खुशीत गेलो. म्हटलं, बघू तरी कसं तोंड करून बसलाय. तिथे सगळीकडे जाळ्या ताणून त्यांवर सरसाच्या वड्या वाळत घातलेल्या असतात, मधासारख्या पिवळ्या. ऊन त्यांच्यातून आरपार जातं आणि जमिनीवर पिवळे चौकोन पडतात. मी आत्तापर्यंत तिथे फक्त खोड्या काढायला गेलो होतो, तेव्हा बघायला वेळ नसायचा. पळायचंच असायचं.

प्रत्येक झोपडीसमोर ओळीने पातेली. एकेका माणसाचं एकेक. चिकट्याच्या झोपडीसमोरचं एक पातेलं उपडं घातलं होतं. आणि तो कालव्याच्या काठावर एकटा बसला होता, कुणीच त्याच्याशी बोलत नव्हतं. बायका पाणी घेऊन त्याच्या अंगावरून जात होत्या, पण जसं काही तिथे दगड ठेवलाय.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा खाली बसले. मग त्यांनी सांगितलं. ज्याच्या सरसाने दगा दिला त्याचं पातेलं तिथे उपडं घालतात. ते उपडं असेपर्यंत त्याने चूल पेटवायची नाही, सरस करायचा नाही, आणि त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. आणि ते सरळ करण्याचा अधिकार एकाच माणसाला असतो. ज्याला लागलं त्याला. म्हणजे म्हातारीला.

"मग करेल ना ती," मी म्हटलं. "आजी आहे त्याची."

"म्हणून तर करणार नाही," बाबा म्हणाले. "मी दोनदा जाऊन आलो. म्हणते, बाहेरच्याचं पातेलं उपडं केलं असतं तर घरच्याचंही करायलाच हवं. आणि सरस का सुटला ते कळल्याशिवाय सरळ होणार नाही. आणि तो पोरगा काही सांगत नाही."

मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच घाई केली बहुतेक. माझंच चुकलं असेल काहीतरी."

ताई, मी तिथे उभा होतो आणि माझ्या मनात काय आलं सांगू? की बाबा याच्यासाठी एवढे रडवेले झालेत, माझ्यासाठी कधी झाले होते का? हे मनात आलं. म्हातारीचं मनगट नाही आलं, हे आलं. असा आहे मी.

तू परत "बरं केलंस" लिहू नकोस.

माकड


मंगळवार, १९ तारीख

ताई,

गेलो होतो. बाबांना न सांगता.

मला त्यांच्या भाषेतले नऊ शब्द येतात. त्यातल्या सात शिव्या आहेत. मी पळत असताना मागून ऐकून ऐकून पाठ झालेल्या. उरलेले दोन म्हणजे "मी" आणि "सरस". आता यातून कबुली कशी द्यायची तूच सांग. म्हातारी दारात बसली होती, हात फडक्याने गळ्याला बांधलेला. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "मी. सरस." आणि मग पुढे जे आठवलं ते म्हटलं. तिच्या भुवया डोक्यावरच्या पदरात गेल्या. आजूबाजूच्या पोरी पळाल्या.

मग मी करून दाखवलं. जमिनीवर बसलो. एक भांडं, त्यात दुसरं भांडं, असं हाताने. मग आतलं उचललं आणि आगीवर ठेवलं. बुडबुडे काढले तोंडाने. इकडे तिकडे चोरासारखं बघितलं. परत पाण्यात ठेवलं. मग बाक. मग धप्प. शेवटी छातीवर हात ठेवून परत "मी" म्हटलं आणि सातपैकी सगळ्यात वाईट शिवी स्वतःला दिली.

म्हातारी बघत राहिली. मग तिने चांगल्या हाताने माझा कान धरला. ताई, आईनेही इतका जोरात कधी धरला नव्हता. कान धरूनच मला चुलीपाशी नेलं, एका पातेल्यात माझं नाक घातलं. मग दुसऱ्यात. मग मोडलेल्या बाकाचा पाय आणला. तो तिने जपून ठेवला होता! तो नाकाला लावला. परत पहिलं पातेलं. असं चार वेळा. चौथ्या वेळी मला फरक कळला. चांगल्या सरसाला ओल्या लाकडाचा वास येतो. मी उकळलेल्याला जळलेल्या केसांचा.

तिला माझ्या तोंडावरून समजलं की मला समजलं. मग ती उठली, चिकट्याच्या झोपडीसमोर गेली आणि पायाने पातेलं सरळ केलं. इतकंच. ना प्रार्थना, ना भाषण. कालव्याच्या काठावरून चिकट्या उठला. लगेच तीन बायका एकदम त्याच्याशी बोलायला लागल्या, मला वाटतं पंधरा दिवसांचं साचलेलं सगळं.

मी निघालो होतो. म्हातारीने परत कान धरला, तोच. आतून एक जुनं पातेलं आणलं, कोळशाने त्यावर एक मोठा कान काढला, आणि आपल्या दाराशी जमिनीवर उपडं घातलं. आणि बोटाने मला दाखवलं.

"हे काय?" मी चिकट्याला विचारलं. त्याला आपली भाषा येते, तुटकी.

"तुझं," तो म्हणाला. "आजी म्हणते, तू आता सरस करायचा. शिकायचा. मग बाक करायचा. ती बसणार. बाक धरला तर पातेलं सरळ."

"पण मी तुमच्यातला नाही ना! पातेलं तुमच्या लोकांचं घालतात."

त्याने आजीला विचारलं. आजीने माझ्याकडे असं बघितलं जसं मीच तिच्या भाषेत काहीतरी बावळटासारखं बोललो. चिकट्या हसला. "ती म्हणते, मग कान कुणाचा धरला?"

मी त्याला विचारलं, तू चर्चमध्ये का बोलला नाहीस? त्याने बराच वेळ शब्द शोधले. मग म्हणाला, "बाक मोडला होता. बाबा पण मोडले असते." माझ्या बाबांना तो बाबाच म्हणतो. मला अजूनही ते ऐकून दात खावेसे वाटतात. खाल्लेही. पण हळू.

आता ऐक, हे तुझ्यासाठी आहे. म्हातारीच्या दाराशी माझ्या पातेल्याच्या बाजूला आणखी एक पातेलं आहे. सरळ. त्याला एक जुनी रिबीन बांधलेली, विटलेली निळी. मी विचारलं कुणाचं. म्हातारीने हाताने उंची दाखवली, मग केसांची गाठ, मग आई खोकायची ना, तसं खोकून दाखवलं.

आईचं.

आई तिथे सरस करायला शिकायला जायची, असं चिकट्याने आजीला विचारून सांगितलं. पहिल्यांदा तिनेही उकळून वाया घालवला होता, तिचंही पातेलं महिनाभर उपडं होतं. मग म्हातारीने खाली हात करून दुसरी उंची दाखवली. दोन वेण्या. त्यातल्या एका वेणीची ही निळी रिबीन.

तुला न्यायची आई! तुला, आणि मला नाही! तू सगळं माहीत असून मला आजपर्यंत एक अक्षर बोलली नाहीस. बाबा कालव्यापलीकडे होते म्हणून तू घर सोडलंस, पण आईसुद्धा कालव्यापलीकडची झाली होती हे तू कुणाला सांगितलं नाहीस. त्या दुपारी बाबांना तिकडे कुणी पाठवलं होतं, ताई? आईने पाठवलं होतं का? तुला माहीत असणार. मी लहान होतो म्हणून मला बाहेर खेळायला घालवलं होतं. मला फक्त एवढं आठवतं की तुम्ही दोघी आत असताना मी दाराची कडी बाहेरून लावून ठेवली होती, गंमत म्हणून.

मला या क्षणी कुणाचा जास्त राग येतोय ते कळत नाही. चिकट्याला बाबा मिळाले, तुला आई मिळाली. मला काय मिळालं? एक कान.

उत्तर लिही. अक्षरावर बोलू नकोस.

माकड


रविवार, २४ तारीख

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहितो, कारण आज जे झालं ते मी कुणाला सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल. आणि सांगितलं तर सगळं फुटेल. म्हणून फक्त तुला.

पातेलं सरळ झालं तरी चर्चमध्ये सरसवाल्यांचं नाव खराबच होतं. घंटावाले काका प्रत्येकाला धरून सांगत होते, "मी आधीच म्हटलं होतं." सरसवाले परत पायरीवर. म्हातारी आलीच नव्हती. मला वाटलं, कालव्यापलीकडे नऊ शब्दांत सांगता आलं, इथे तर सगळे शब्द येतात. गीत संपल्यावर काकांनी विचारलं, "कुणाला मंडळींसमोर देवाची साक्ष द्यायची आहे?" आणि मी उठलो.

तुला आठवतं का, गेल्या वर्षी मी लिहिलं होतं, मी साक्ष दिली की प्रभूने स्वप्नात येऊन सांगितलं, घंटावाल्या काकांचं बोलणं आखूड करा? त्याआधी एकदा मी साक्ष देता देता बेशुद्ध पडल्याचं नाटक केलं होतं. त्यामुळे मी उठलो तसं सगळं चर्च "अरे देवा" म्हणालं, एका सुरात, गीतापेक्षा चांगलं.

मी म्हटलं, "बाक मी मोडला. सरस मी आगीवर उकळला. चिकट्याचा सरस चांगला होता. त्याचा मला हेवा वाटत होता म्हणून केलं. म्हातारीचा हात माझ्यामुळे मोडला." एका दमात, जसं आहे तसं. 

काका म्हणाले, "बस रे आता. पुरे झाली चेष्टा."

"चेष्टा नाही, काका. खरं सांगतोय."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास!"

आणि मग पुढच्या रांगेतली शिंपीणबाई, जिने मला लहानपणी खिडकीची काच फोडल्याबद्दल झोडपलं होतं, तिने डोळ्याला पदर लावला. "अहो, कळत नाही का तुम्हाला?" ती म्हणाली. "त्या बिचाऱ्यांचं नाव साफ करायला पोरगा स्वतःवर घेतोय! प्रभूने तरी दुसरं काय केलं?"

झालं. अख्खं चर्च हळहळलं. मी म्हणत होतो, "नाही हो, खरंच मी," आणि जितकं म्हणावं तितकं लोक जास्त रडत होते. घंटावाले काकासुद्धा नाक शिंकरायला लागले. खिडकीत चिकट्याचं डोकं दिसलं. त्याला सगळं समजत होतं, आणि तो इतका हसत होता की त्याने खिडकीचा गज धरला होता.

आणि बाबा आले. मधल्या वाटेने चालत, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, आता मार. मला मार हवा होता, खरंच, निदान त्यांना समजलंय असं तरी झालं असतं. बाबांनी मला मिठी मारली. ताई, तुला बाबांची मिठी आठवते? मला आठवत नव्हती. भुश्याचा वास, सर्दीचा आवाज, आणि कानात म्हणाले, "मला माहीत होतं हे तुझ्यात आहे."

मी काय करायला हवं होतं? मी खरं सांगितलं होतं, सगळ्यांच्या देखत! एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते हे कुठे लिहिलंय? मी तोंड उघडलं, आणि बाबांचा हात माझ्या पाठीवर होता, आणि मी तोंड मिटलं. त्या हाताची वाट मी वर्षभर बघत होतो. मोठ्या लबाडीने मागितला तेव्हा मिळाला नाही, आणि खरं बोललो तेव्हा खोट्यावर मिळाला.

काकांनी जाहीर केलं, नवा बाक करायचा. "पण खिळे ठोकून," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "एकही नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा बाक माझा मुलगा करेल." माझा मुलगा. नाव न चुकता.

घरी आल्यावर त्यांनी आजोबांचा रंधा काढला आणि माझ्या हातात दिला. कायमचा. मी अंगठा खळग्यात घालून बघितला. अजून बसत नाही. किती दाबला तरी नाही. संध्याकाळी कालव्यापलीकडे गेलो आणि रंधा चिकट्याला दिला. दिला म्हणजे उसना दिला, नीट समजून घे. रोज त्याने माझ्याकडे मागायचा आणि काम झालं की परत आणून द्यायचा. "उद्या ये मागायला," मी त्याला सांगितलं. "आणि नीट माग, 'कृपा करून' म्हण." तो म्हणाला, "कृपा करून," आणि त्यापुढे त्यांच्या भाषेतली एक शिवी. आठवी. मला नवीन होती. लिहून घेतली.

मग म्हातारीने मला चुलीशी बसवलं. अडीच तास पाण्यातल्या भांड्याकडे बघत बसायचं, बुडबुडा आला की उचलायचं. पहिली खेप बिघडली. तिने कानाकडे हात नेला आणि मी स्वतःच कान पुढे केला. माझं पातेलं अजून उपडं आहे, आईच्या पातेल्याला चिकटून. मी जाताना हळूच त्याला हात लावून आलो. बाबा सात वर्षं तिथे जातात आणि त्यांचं पातेलं तिथे नाही! ना सरळ, ना उपडं. म्हातारी म्हणते, त्यांनी आजपर्यंत कुणाचं काही बिघडवलंच नाही, मग कशाला घालायचं? बाबांना हे कळलं ना, तर जळून खाक होतील. माझ्यावर. पहिल्यांदाच.

तर आता तुझ्या पाया पडतो. बाबा तुला पत्र लिहायला बसलेत. तीन वर्षांनी पहिल्यांदा ते आपणहून लिहितायत, मी दारातून बघतोय, चार कागद फाडून झाले. त्यात माझं कौतुक असेल. आपल्या पोराने दुसऱ्याचं पाप अंगावर घेतलं वगैरे. ते वाचून तुला हसू येईल आणि तू लगेच उलट लिहिशील, "बाबा, ते खरंच होतं, माझ्याकडे ४ तारखेचं पत्र आहे." लिहू नकोस, ताई. मी सांगणारच आहे. दुसऱ्यांदा, हळू, एकेक शब्द. पण बाक झाल्यावर. म्हातारी त्यावर बसेल, पहिल्या गीताचं दुसरं कडवं होईल आणि बाक उभा राहील, त्या दिवशी. तोपर्यंत ती मिठी माझ्याकडे राहू दे. उसनी आहे, मला माहीत आहे.

सहा माणसांचा बाक आहे आणि चर्चला येणारे सरसवाले सहा आहेत. मी सातवी जागा ठेवतोय, लाकूड उरलंय म्हणून. दुसऱ्या वेणीची निळी रिबीन अजून असेल तर घालून ये.

आणि तोवर कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस. शेजारणीला नाही, उशीलाही नाही. तोंडाला सरस लावून घे. माझा नको. चिकट्याचा लाव, तो सुटत नाही.

तुझा,
माकड